धंतोलीला, लग्नाला म्हणून

आमच्या घरात कुणाला जुनं काही ऐकायचं असलं की मला हाक येते. भाच्या-पुतण्यांना वाटतं, हिला सगळं आठवतं. खरं म्हणजे मला निम्मं आठवतं आणि निम्मं मी बोलता बोलता रचते. ऐकणाऱ्याला सांधा दिसत नाही, एवढंच माझं कसब. ही सवय मला नेमकी कधी लागली ते मात्र चांगलं ठाऊक आहे. मी एकदा कामठीला एका लग्नाला गेले होते, तेव्हापासून. ते लग्न झालंच नव्हतं.

तेव्हा आम्ही सक्करदऱ्याला दोन खोल्यांत राहायचो. मी, हे, सासूबाई आणि दोन मुलगे. हे सरकारी कचेरीत कारकून होते, म्हणजे अजूनही आहेत, फक्त टेबल बदललं. मोठा मुलगा चौथ्या वर्षात होता आणि धाकटा आठ महिन्यांचा. धाकट्याच्या वेळी माझ्या अंगावरून इतकं गेलं होतं की जिना चढले तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मूल अंगावर पीत असलं की दिवस जात नाहीत, असं मला शेजारच्या तीन बायकांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या तिघींना मिळून चौदा मुलं होती. हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं, पण मी मॅट्रिकला गणितात जेमतेमच पास झालेली बाई.

दिवस गेले. नाक्यावरच्या डॉक्टरांनी माझी पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाले, अंगात रक्त नाही, हे बाळंतपण झेपणार नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, आता कायदा झाला आहे, उघडपणे करून मिळतं, घाबरायचं कारण नाही. कायदा होऊन दोन वर्षं झाली होती. आम्हाला तो पेपरात वाचून माहीत होता, जसा चंद्रावर माणूस गेल्याचं माहीत होतं तसा.

ह्यांना रात्री सांगितलं. हे म्हणाले, "तुझ्या तब्येतीपुढे काही नाही." ह्यापलीकडे आमचं बोलणं झालं नाही. आमच्या पिढीतल्या नवरा-बायकोंचं असल्या विषयावर एवढंसुद्धा बोलणं झालं, तर ते खूप झालं. सासूबाईंना सांगायचं नाही, हेही न बोलताच ठरलं. त्यांच्या दृष्टीनं पोटातलं पोर म्हणजे दारात आलेला पाहुणा, त्याला परत पाठवत नाहीत. बाई प्रेमळ होत्या, पण त्यांच्या प्रेमाला माझ्या अंगातल्या रक्ताचा अंदाज नव्हता.

माझी मोठी बहीण धरमपेठेत राहायची. तिच्या यजमानांचं बरं चाललं होतं, आणि ताईला तर लहानपणापासून सगळ्या गावाचं व्यवस्थापन करायची हौस. ती म्हणाली, आधी सरकारी दवाखान्यात जाऊ, तिथं फुकट होतं. मी आपली त्यातल्या त्यात चांगली, इस्त्रीची सुती साडी नेसले. दवाखान्यात जायचं तर व्यवस्थित दिसावं, एवढाच विचार. तिथल्या आयाबाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, इथं काहून आल्या, धंतोलीच्या खाजगी दवाखान्यात जागा नव्हती का? म्हणजे फुकट घ्यायचं तर गरीब दिसायला हवं होतं. माझी त्या कामाची साडी घरी दोरीवर वाळत होती.

नऊ वाजता बसलो ते साडेअकराला आमचा नंबर आला. टेबलापाशी बसलेल्या बाईंनी छापील कागद पुढे ओढला आणि कारण विचारलं. मी म्हणाले, अशक्तपणा. त्या म्हणाल्या, त्याला तपासण्या लागतात, डॉक्टरचं लिहून लागतं, त्यापेक्षा 'साधन निकामी झालं' असं सांगा. मी बरं म्हणाले. त्यांनी विचारलं, कोणतं साधन? आता आमच्या घरात साधन म्हणून जे काही होतं, ते म्हणजे सासूबाईंची खाट दोन खोल्यांच्या मधोमध. पण हे कागदावर बसण्यासारखं नव्हतं. मी ताईकडे पाहिलं. ताईनं भिंतीवरच्या निरोधच्या जाहिरातीतल्या लाल त्रिकोणाकडे बोट केलं. बाईंनी ते लिहून घेतलं. मागं रांगेतल्या सात-आठ बायका लक्ष देऊन ऐकत होत्या. सरकारी दवाखान्यात खोटं बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागतं.

मग त्यांनी दुसरा कागद काढला. हा ऑपरेशनचा. म्हणजे क्युरेटिंग करतानाच मुलं कायमची बंद. दोन्हींवर माझी सही, दोन्हींवर नवऱ्याची सही, तरच तारीख मिळेल.

मी म्हटलं, मला फक्त पहिलं हवं आहे.

"किती मुलं?"

"दोन."

"मुलगे की मुली?"

"दोन्ही मुलगे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दोन्ही मुलगेच आहेत, मग आता काय राहिलं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं आणि देता येत नव्हतं. मला एक मुलगी हवी होती. आत्ता नाही. आत्ता मी अंथरुणावरून उठून चुलीपाशी जाईपर्यंत दोनदा भिंत धरत होते. पण दोन-तीन वर्षांनी, अंगात थोडं रक्त आलं की. ही काही अडाणी हौस नव्हती, किंवा असेलही. मला तिच्या वेण्या घालायच्या होत्या. दोन मुलग्यांच्या आईनं मुलीसाठी अडून बसावं, हे त्या टेबलापाशी इतकं चैनीचं वाटलं असतं, जणू मी रेशनच्या दुकानात केशर मागते आहे. मी म्हणाले, विचार करून सांगते. आणि येऊन बाकावर बसले.

माझ्या शेजारी एक बाई केव्हाची बसली होती. कन्हानहून पहिल्या बसनं आलेली. नवरा खाणीत. मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी, तिच्या केसांत लाल रिबिनीचं फूल, आणि ती मुलगी एव्हाना माझ्या हातातल्या बांगड्या एकेक करून मागेपुढे सरकवत होती. मी हात तसाच राहू दिला. बाई सांगत होती, ही चौथी, आणि ती स्वतः इथं तिसऱ्यांदा येते आहे. पहिल्यांदा आली तेव्हा डॉक्टरीणबाई रजेवर. दुसऱ्यांदा आली तेव्हा कागद दिले. आता कागद आहेत, तिचा अंगठा आहे, नवऱ्याची सही नाही. ऑपरेशनला ती केव्हाची तयार होती, म्हणाली, आजच करा. पण ऑपरेशन केलं की बाई कामाची राहत नाही, असं नवऱ्याच्या डोक्यात कुणी भरवलं होतं. तो सही देईना, आणि त्या सहीशिवाय इथं पहिलंही होईना. आणखी दोन आठवडे गेले की मग दोन डॉक्टर लागतात, असं तिला सांगितलं होतं.

माझी अडचण अशी की मला दुसरा कागद नको होता. तिची अशी की तो तिला हवा होता आणि मिळत नव्हता. एकाच बाकावर बसून आम्ही दोघी एकाच कागदाला अडलो होतो.

थोड्या वेळानं तिनं घडी केलेला कागद पोलक्यातून काढला आणि माझ्यापुढे धरला.

"बाई, तुमाले लिवता येते नं?"

"येतं."

"मंग त्याचं नाव लिवून द्या न इथं. तो थोडाच पाहाले येते."

माझ्या पर्समध्ये पेन होतं. मी कारकुनाची बायको. सरकारी कागदावर खोटी सही म्हणजे काय ते मी ह्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. कुणाची नोकरी गेली, कुणाची चौकशी लागली. दहा मिनिटांपूर्वी त्याच दवाखान्यात त्या लाल त्रिकोणाच्या नावानं मी जे सांगितलं होतं, ते काही खरं नव्हतं. पण ते मी स्वतःसाठी सांगितलं होतं.

मी म्हटलं, "मी कसं लिहू वं, सरकारी कागद आहे."

ती रागावली नाही. कागदाची घडी पुन्हा तशीच घातली. म्हणाली, "राहू द्या. तुमच्याजवळ पैसे हायेत, तुमी इचार करून राहिल्या. मले इचार कराले फुरसत नाई."

तिची मुलगी माझ्या बांगड्या सोडेना, तेव्हा तिनं ती बोटं एकेक करून सोडवली. ताई माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आली. त्या बाईचं पुढे काय झालं मला माहीत नाही. कन्हान काही लांब नाही, पण नाव न विचारलेल्या बाईला शोधायला जाता येत नाही. आणि खरं सांगायचं तर, नाव विचारायला हवं होतं हे मला फार उशिरा सुचलं.

ह्यांना मी सांगितलं की सरकारी दवाखान्यात फार अस्वच्छता आहे. तशी ती काही फारशी नव्हती. फिनेलचा वास येत होता, आणि चादरी आमच्या घरच्यापेक्षा बऱ्या होत्या. पण 'मला पुढं मुलगी हवी आहे, म्हणून तिथं नको' हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. निघालं असतं तर हे काय म्हणाले असते, ह्याचा मी आजवर पुष्कळ विचार केला आहे. बहुतेक 'बरं' म्हणाले असते. हे आयुष्यभर माझ्या बहुतेक गोष्टींना बरंच म्हणत आले आहेत. पण मला वाटलं, एवढ्या कमी पगारात, एवढ्या अशक्त अंगानं, दोन मुलगे असताना ही बाई तिसऱ्याची स्वप्नं पाहते, हे ऐकून त्यांना हसू येईल. हसू येण्याच्या भीतीनं माणूस काय काय गिळतो. ह्यांनी नवी सायकल घ्यायला ठेवलेले दीडशे रुपये पाकिटात घालून दिले. ताईनं तिच्या शेजारणीकडून धंतोलीचा भाव काढला होता, तो दीडशे होता.

आता घरातून दिवसभर बाहेर कसं पडायचं? ताईनं उपाय काढला. तिच्या सासरकडचं कामठीला लग्न आहे आणि ती मला सोबत नेते आहे, असं सासूबाईंना सांगायचं. उपाय नामी होता. फक्त लग्नाला जायचं म्हणजे लग्नाला जाण्यासारखं निघायला हवं. सासूबाई दाराशी उभ्या राहून पाहणार. म्हणून ताईनं तिची अंजिरी रंगाची जरीकाठी साडी आणली, गळ्यात तिचा चपलाहार घातला, हातात पाटल्या, केसांत गजरा. सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. म्हणाल्या, "पोरीपेक्षा तूच नवरी दिसून राहिली."

रिक्षात बसल्यावर कळलं की आपण ह्या अवतारात धंतोलीला चाललो आहोत.

ते प्रसूतिगृह एका बंगल्यात होतं. पंखा, वेताच्या खुर्च्या, कोपऱ्यात कुंडी. इथं कुणी काहून आल्या म्हणून विचारलं नाही. काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, चपलाहाराकडे पाहिलं, आणि अतिशय गोड आवाजात सांगितलं, अडीचशे.

ताई म्हणाली, आमच्या शेजारणीकडून दीडशे घेतले. बाई म्हणाल्या, केस केसवर असतं. ताईला घाईत सुचेल ते ती बोलली. म्हणाली, ही साडी हिची नाहीच, माझी आहे, दागिनेही माझे. बाईंनी तितक्याच गोडीनं विचारलं, मग उरलेले तुम्हीच देता का? आठवड्यापूर्वी मी सरकारी दवाखान्यात नको तितकी बरी दिसले होते, आणि आज खाजगीत नको तितकी श्रीमंत. दोन्ही ठिकाणी माझ्या तब्येतीचा भाव साडीवरून ठरला. वरचे शंभर ताईनं दिले आणि मरेपर्यंत कधी त्याचा उल्लेख केला नाही. ताई जाऊन आता चार वर्षं झाली. मोठ्यानं हसायची सोय तिच्याबरोबर गेली.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा कपाळावर. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, कागद स्वतःच भरला. कारणाच्या रकान्यात त्यांनी तेच लिहिलं असणार, साधन निकामी झालं. पण मला ते उच्चारावं लागलं नाही. खाजगीत खोटंसुद्धा आपल्या वतीनं कुणी तरी नीट अक्षरात लिहून देतं, त्याचेच पैसे. पेन बंद करता करता त्यांनी विचारलं, "पुढं मूल हवं आहे का?"

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सरकारी बाईंनी नाही, नाक्यावरच्या डॉक्टरांनी नाही, ताईनंही नाही. मला रडू आलं. अडीचशे रुपये भरलेल्या माणसाला हा प्रश्न विचारतात, बाकावरच्या माणसाला विचारत नाहीत, हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी मी फक्त उत्तर दिलं.

"मुलगी हवी आहे. पण दोन वर्षांनी."

"मग आपण सांभाळून करू," त्या म्हणाल्या.

जगात ही गोष्ट मी त्या एका बाईला सांगितली. अर्ध्या तासाच्या ओळखीच्या, परक्या बाईला.

झालं ते झालं. त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही, आणि त्याबद्दल मला कधी पश्चात्तापही झाला नाही. लोकांना वाटतं, अशी बाई आयुष्यभर त्या एका दिवसासाठी रडत असते. मी तसं केलं नाही. ते मूल मला तेव्हा झेपलं नसतं, हे माझं अंग रोज मला सांगत होतं. माझ्या डोळ्यांपुढे यायची ती दुसरीच होती, नंतर येणारी, जिच्यासाठी मी ते दार किलकिलं ठेवून आले होते.

दुपारभर ताईकडे पडून राहिले आणि पाच वाजता साडी सारखी करून घरी आले. सासूबाई वाटच पाहत होत्या. काय काय होतं वं जेवाले, पोरगी कशी होती दिसाले, देणंघेणं कसं केलं. पोटात कळा येत होत्या, आणि उभं राहवत नव्हतं. मी उन्हाचं कारण सांगून आडवी झाले आणि पडल्या पडल्या सांगायला लागले. गप्प राहिले असते तर रडले असते, म्हणून बोलत राहिले. बुंदीचे लाडू होते. वांग्याची भाजी तिखटजाळ. नवरी सावळी, पण नाकीडोळी नीटस. नवरीचा मामा रुसून मांडवाबाहेर बसला, कारण त्याला टोपी दिली आणि आहेराचा शेला विसरले. शेवटी नवरी स्वतः उठून मामाला आणायला गेली. हे कुठून आलं मला माहीत नाही. सासूबाईंनी माझ्या पायांवर गोधडी घातली आणि विचारलं, मग मामा आला का?

"आला," मी म्हणाले. "पोरीनं बोलावल्यावर येणार नाही तर काय."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी हे लग्न सगळ्या आळीला सांगितलं, मामाच्या रुसव्यात स्वतःची थोडी भर घालून. त्या नवरीवर त्यांचा जीव जडला. अधूनमधून विचारायच्या, त्या कामठीच्या पोरीचं बरं चाललं आहे ना? मी सांगायची, नवरा चांगला आहे, सासू जरा कडक आहे. सासूबाई म्हणायच्या, असतेच एकेक. वर्ष-दीड वर्षानं, आम्ही दोघी कुरड्या घालत होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, पोरीले काही झालं का नाही अजून? माझ्या तोंडून निघून गेलं, मुलगी झाली. गोरी आहे, जावळ दाट आहे. रात्री झोपत नाही, आई खांद्यावर घेऊन हिंडते. मी इतकं सांगितलं की सासूबाई हात थांबवून माझ्याकडे पाहायला लागल्या. म्हणाल्या, "तू पाहून आली का?" मी म्हटलं, ताईनं सांगितलं. आणि सोऱ्या जोरानं दाबला.

तोवर माझ्या अंगात बरंच बळ आलं होतं. जिना चढताना काजवे दिसत नव्हते. धाकटा आता चालत होता, बोलत होता, भावाच्या वस्तू फोडत होता. मनातल्या मनात मी एक वर्ष आणखी थांबायचं ठरवलं. हे मनातल्या मनात होतं. आळीतल्या प्रत्येकीच्या बाळंतपणाची गोष्ट मी रंगवून सांगायची, पण ही एवढी एक गोष्ट ज्याला सांगायची त्याला सांगितली नाही. वेळ आहे, असं वाटायचं.

त्याच्या पुढच्या वर्षी सगळ्या कचेऱ्यांमधून पुरुषांच्या नसबंदीच्या केसेस आणायचा धडाका सुरू झाला; करून घेणाऱ्याला पैसे, तुपाचा डबा असलं काही मिळायचं. ह्यांच्या साहेबांनी दोन मुलं असलेल्यांची यादी केली होती. हे ती गोष्ट घरी हसत सांगायचे, मीही हसायची. मला वाटायचं, हे टाळून देतील. फायली कशा टाळायच्या ते ह्यांना चांगलं येतं.

एका दुपारी हे दोन वाजताच रिक्षानं घरी आले. सायकलवाला माणूस रिक्षानं आला म्हणून सासूबाई घाबरल्या. ह्यांनी त्यांना सांगितलं, मांडीला गळू झालं होतं, फोडून घेतलं, आठवडाभर रजा आहे. आणि फार जपून, पाय फाकवून, खाटेवर बसले. हातात पिशवी होती. त्यात वनस्पती तुपाचा एक डबा. गळवाबरोबर तुपाचा डबा कुणी देत नाही, हे सासूबाईंच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

मी पाणी घेऊन आत गेले. हे खाटेवर टेकले होते, चेहरा पांढरा पडलेला, पण काही तरी मोठं काम करून आल्यासारखे. आवाज खाली आणून म्हणाले,

"आता तुला तिथं पुन्हा जावं लागणार नाही."

हे पुढे म्हणाले, त्या दिवशी तू ती भारी साडी नेसून घरी आलीस आणि गोधडीखाली थरथरत आईला लाडू-भाजी सांगत होतीस, ते मी दारातून ऐकत होतो. तेव्हाच ठरवलं होतं. कचेरीचं निमित्त झालं.

पुरुषमाणसं ह्या गोष्टीला किती घाबरायची ते मला माहीत होतं. ह्यांच्या कचेरीतले दोघं तर गाव सोडून पळाले होते. आणि हा माणूस कुणाच्या दट्ट्यानं नव्हे, माझ्या थरथरण्यापायी तिथं जाऊन आला होता. ह्या माणसाला मी कशाबद्दल दोष देऊ? मुलगी हवी हे सांगायच्या जागी अस्वच्छतेची गोष्ट मीच रचली होती. तीही मी इतकी चांगली रचली होती की त्यांनी ती धरून ठेवली.

"चहा ठेवते," मी म्हणाले.

चुलीपाशी बसून पाणी उकळेपर्यंत मी रडले. मग पदरानं तोंड पुसलं आणि चहात साखर जास्त घातली, कारण ह्यांना शक्ती हवी होती. त्या तुपाचे मी दिवाळीला लाडू केले. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ले. मी एक तोडून तोंडात घातला आणि बाकीचा मोठ्याच्या ताटात टाकला.

ह्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. सासूबाई गेल्या. मोठा कॉलेजात आहे, धाकटा दहावीत. दोघंही गुणी आहेत, फक्त घरात सतत बूट, बॅट आणि ओले टॉवेल. मुलगे वाईट नसतात, पण ते संध्याकाळी तुमच्याजवळ बसून दिवसभरातलं काही सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, काही नाही.

परवा कोजागिरी झाली. त्याआधी महिनाभर आमच्या आळीतल्या मुली भुलाबाई मांडतात आणि घरोघरी गाणी म्हणायला येतात. ज्या घरात मुलगी नाही त्या घरी खरं तर यायचं कारण नसतं. पण मी दरवर्षी खिरापत करते, म्हणून येतात. झाकणाच्या डब्यात काय आहे ते मुलींनी ओळखायचं. डबा हलवायचं काम ह्यांचं. हे तो कानाशी धरून गंभीर तोंडानं हलवतात, आणि मुलींनी बरोबर ओळखलं तरी आधी मान नाही म्हणून हलवतात. मुली ओरडतात, काका खोटं बोलून राहिले. ह्यांना ते फार आवडतं.

परवाही तसंच झालं. डाळीची खिरापत वाटून झाली, मुली पुढच्या घरी गेल्या आणि आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो. गाण्याचा आवाज आळीच्या टोकापर्यंत जात राहिला. हे रिकामा डबा मांडीवर घेऊन बसले होते.

मग म्हणाले, "आपली असती तर आता नववीत असती."

मी चमकले. चौदा वर्षांत ह्यांनी तो विषय एकदाही काढला नव्हता. आणि पुढच्या क्षणाला माझ्या लक्षात आलं की त्यांचा हिशेब धंतोलीपासूनचा आहे. म्हणजे जी मी सोडून आले होते, ती ह्यांच्याकडे एकेक इयत्ता चढत इथवर आली होती, मला न सांगता. ह्यांनी तिला मुलगीच ठरवलं होतं.

माझी सहावीत आहे. नंतरची.

सांगावं, असं ओठांपर्यंत आलं. आता कुणाला हसू येण्यासारखं काही राहिलेलं नव्हतं. पण सांगायचं म्हणजे, त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते माझ्याच मुलीच्या आड आलं, हे सांगायचं. आणि ते त्या डब्यावर हात ठेवून, मुली गेल्या त्या दिशेला पाहत होते.

"नववीत गणित अवघड जातं," मी म्हणाले. "माझ्यासारखंच कच्चं असतं तिचं."

"मी घेतलं असतं करून," हे म्हणाले.

मग आम्ही तिच्या गणिताचं बोलत बसलो, मराठी शाळेत घातली असती की हिंदी, सायकल शिकवली असती की नाही. हे म्हणाले, शिकवली असती, लहान सीटची घेतली असती. मी हो म्हणत गेले. माझ्या सहावीतलीला तेवढा वेळ मी बाजूला बसवून ठेवलं.